दोघींची खोली

१

अहमदपूर–कंधार गाडीवर सिंधु कंडक्टर होती. दिवसभर तिच्या तोंडाला विसावा नसायचा. पुढं सरका, पाय आत घ्या, फाट्यावर कोण उतरणार, म्हातारीला जागा द्या. संध्याकाळी डेपोत तिकिटाचं मशीन जमा केलं की बोलणं संपायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली घंटी मारेपर्यंत. मधल्या वेळात बोलावं असं माणूस नव्हतं.

चाळिशी ओलांडली होती. लग्न व्हायचं राहून गेलं. बघायला येणारे येईनासे झाले, तेव्हा कुणी तसं बोलून दाखवलं नाही, एवढंच. कंधारजवळच्या गावात भाऊ शेती बघायचा. ती अहमदपुरात मकसूदभाईंच्या गॅरेजवरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायची. खाली मकसूदभाई गाड्या दुरुस्त करायचे आणि मागच्या घरात त्यांची बायको अफसाना शिवणकाम करायची. दोघं भली माणसं होती. पण त्यांचं घर त्यांच्यापुरतं भरलेलं होतं.

गॅरेजमध्ये कुणीतरी विकायला सोडलेली साडेतीनशे सीसीची मोटारसायकल सिंधूनं घेतली, तेव्हा डेपोत सगळे हसले. तिला हसू आलं नाही. गाडी चालवायला बापानं शिकवली होती, पोरगी असून. आयुष्य गाडीत गेलं, पण त्या गाडीचं हँडल कायम दुसऱ्याच्या हातात. साठलेली रजा काढून एकदा लांब जायचं तिनं ठरवलं. नगरला मुक्काम, मग भंडारदऱ्याचं पाणी, तिथून घोटीवरून नाशिकचं गंगापूर धरण आणि शेवटी दिंडोरीकडचे द्राक्षांचे मळे. तिथं वाइन कशी करतात ते दाखवतात, मळ्यातच राहायला खोल्या देतात, असं तिनं मोबाइलवर पाहिलं होतं. वाइन पिऊन आलात तर घरात घेणार न्हाई, असं अफसानानं बजावलं. मी नुसती द्राक्षं खाईन, असं सिंधु म्हणाली.

खोल्या ठरवायला बसली तेव्हा अडलं. नगरच्या लॉजवाल्यानं किती जण विचारलं. एक, म्हणाली. जेंट्स का? नाही, मीच. पलीकडं त्यानं कुणाला तरी विचारलं. मग एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही, असं उत्तर आलं. दुसऱ्या लॉजनं तेच गोड शब्दांत सांगितलं. तिसऱ्याला तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं की आम्ही दोघी आहोत.

"दुसऱ्या मॅडमचं नाव?"

"उज्वला."

खोली लगेच मिळाली. सिंधूला गंमत वाटली. तिच्या ओळखीत उज्वला नावाचं कुणी नव्हतं. भंडारदऱ्याला तिनं तेच सांगितलं, दिंडोरीच्या मळ्यावर तेच. वाटेत लातूरजवळच्या मुरुडला जेवायला थांबायचं होतं, म्हणून तिथल्या खानावळीच्या महामायाबाईला फोन करून बाथरूमची सोय विचारली, तेव्हाही आम्ही दोघी येतो म्हणाली. तिथं खोटं बोलायची काही गरज नव्हती. पण एव्हाना ते तोंडात बसलं होतं.

२

दोन-चार दिवसांनी सिंधु जेवायला बसली होती, तेव्हा फोन वाजला. मळ्यावरचा हरिओम होता, तिथल्या खोल्या बघणारा माणूस. आवाजानं अदबशीर.

तो म्हणाला, सगळं सांगितल्याप्रमाणं करून ठेवलंय. पाण्याच्या बाजूची खोली दिलीय. जादा रजई टाकलीय आणि दोन्ही पलंग जोडून लावलेत.

मी असं काही सांगितलं नव्हतं, सिंधु म्हणाली.

"तुम्ही नाही ताई, उज्वलामॅडमनी. त्यांचा फोन आला होता. थंडी फार वाजते म्हणाल्या. आणि एकटं झोपायची सवय नाही."

सिंधूनं घास ताटात ठेवला. भलत्याच कुणाचं बोलणं याच्या डोक्यात आमच्या खोलीला चिकटलंय, असं तिला वाटलं. तसं ती म्हणालीही. हरिओमनं ऐकून घेतलं. मग जरा ओशाळून म्हणाला, "खरं म्हणजे मी बोलायला नको होतं. मी फोन केल्याचं सिंधूला सांगू नका, असं म्हणाल्या होत्या त्या."

फोन ठेवल्यावर खोली फार शांत झाली. खाली मकसूदभाईंनी शटर ओढलं होतं. भिंतीपलीकडं कुणाच्या तरी टीव्हीवर बातम्या चालल्या होत्या. सिंधूनं ताट तसंच सरकवलं आणि आठवून पाहिलं. सगळे फोन तिनं याच खोलीतून केले होते, दार लावून. उज्वला हे नाव तिनं फक्त त्या तीन ठिकाणी उच्चारलं होतं. मुरुडच्या बाईला तर नावही सांगितलं नव्हतं.

कुणीतरी थट्टा करतंय. दुसरं काय असणार.

३

तिच्या गाडीचे ड्रायव्हर सटवाजी निवृत्तीला आलेले होते. अबोल माणूस. कंधारच्या स्टँडवर गाडी लागली आणि माणसं उतरली, तेव्हा सिंधूनं त्यांना सरळ विचारलं, डेपोतलं कुणी माझी थट्टा करतंय का?

सटवाजींनी आधी समोरची काच फडक्यानं पुसली.

"न्हाई बाई," ते म्हणाले. "तुमची थट्टा करण्याएवढं तुमच्याशी कोण बोलतंय?"

त्यात कुचकेपणा नव्हता. म्हणूनच ते लागलं. परतीच्या फेरीत सिंधु तिकिटं फाडल्यासारखी बोलत राहिली आणि तिला पहिल्यांदाच जाणवलं की गाडीतलं एकही माणूस तिच्या तोंडाकडं बघत नाही. सगळे मशीनमधून निघणाऱ्या कागदाकडं बघतात.

त्या संध्याकाळी ती घरी आली तर गॅरेजपुढं तिची मोटारसायकल उभी होती. मागची सीट काढून तिथं सामानासाठी लोखंडी कॅरियर लावा, असं तिनं मकसूदभाईंना सांगितलं होतं. सीट जागेवरच होती. उलट डाव्या बाजूला, मागच्या चाकाशेजारी, चकचकीत नवं साडी गार्ड लावलेलं होतं.

"तुमच्या मैत्रिणीचा फोन आलता," मकसूदभाई हात पुसत म्हणाले. "सीट काढून राहिलो म्हणलं, तर म्हणल्या, मग मी कुठं बसू? एका अंगानं बसते, साडी गार्ड टाका म्हणल्या. टाकलं."

सिंधूनं गाडीचं हँडल धरलं. ते थंड होतं. "आवाज कसा होता, मकसूदभाई?"

"कसा म्हंजे? घरच्या माणसाचा असतो तसा. बिनओळखीचा वाटला न्हाई." त्यांनी आपला मोबाइल काढला आणि नंबर दाखवायला अंगठ्यानं यादी वरखाली करत राहिले. गिऱ्हाइकांचे फोन होते. तो फोन सापडेना. "हितंच तर होता," ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं मोबाइल खिशात ठेवून दिला.

अफसाना दारात उभी राहून ऐकत होती. मैत्रीण हाय हे कधी बोलला न्हाईत, ताई, असं म्हणाली. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. एकटी बाई एवढ्या लांब जाणार म्हणून तिला घोर लागला होता.

तेव्हा मैत्रीण नाही, असं सिंधूनं सांगायला हवं होतं. तिनं सांगितलं नाही.

४

पुढच्या सुटीला गाडी चालवून बघायची म्हणून ती लिंबोटीच्या धरणापर्यंत जाऊन आली. सकाळ होती, रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना हरभरा उभा होता. धरणाच्या भिंतीवरून वारा येत होता. सिंधु पाण्याकडं बघत उभी राहिली आणि भंडारदऱ्याचं पाणी याहून मोठं असेल का, असं मोठ्यानं म्हणाली. म्हणताना आपण कुणाला विचारतोय हे तिच्या लक्षातही आलं नाही. नगरपर्यंत एका दमात जाऊ, मग थकवा आला तर भंडारदऱ्यालाच एक दिवस जास्त राहू, थंडी असेल तर निघायची घाई नको. ती बोलत होती. परत येतानाही बोलत होती, हेल्मेटच्या आत. कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

गावात शिरल्यावर बाजारात थांबून तिनं हातमोजे घेतले. दुकानदारानं एक जोड काढून ठेवला. आणखी एक द्या, ती म्हणाली, याच्यापेक्षा लहान मापाचा.

घरी येऊन तिनं दोन्ही जोड पलंगावर ठेवले. मोठे आपले. लहान बाजूला. खिडकीतून ऊन त्यांच्यावर पडलं होतं. तिनं लहान मोजा उचलून हातात चढवून पाहिला, तो बोटांच्या मधेच अडकला.

मग ती पलंगाच्या कडेला बसली. लहान मापाचा, असं आपण का म्हणालो, ते ती आठवू लागली. दुकानदारानं विचारलं नव्हतं. ती गोंधळलीही नव्हती. रोजच्या माणसाची चप्पल मापानं घ्यावी, तसं सहज म्हणाली होती. उज्वलाचे हात लहान आहेत हे तिला ठाऊक होतं. एवढंच नाही, तर डाव्या हाताचं शेवटचं बोट जरा वाकडं आहे हेही ठाऊक होतं. आणि आणखी थोडं आठवलं तर आणखी काय काय ठाऊक असेल, या धास्तीनं तिनं आठवणं सोडून दिलं.

तिनं दोन्ही जोड पिशवीत कोंबले आणि पिशवी पलंगाखाली ढकलली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं फोन लावायला सुरुवात केली. नगरच्या लॉजला सांगितलं, खोली नको. तो बरं म्हणाला. भंडारदऱ्याला सांगितलं, तिथल्या बाईनं कारणही विचारलं नाही. तिसरा फोन मळ्यावर लावला.

हरिओमनं उचलला. मागं वारा होता आणि लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालला होता. सिंधूनं श्वास घेतला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. मी येणार असेन तर एकटी येईन. दुसरी कुणी येणार नाही. दुसरी कुणी नव्हतीच कधी. खोली मिळावी म्हणून मी खोटं नाव सांगितलं. त्या नावानं कुणी फोन करत असेल तर ते माणूस फसवतंय.



"हॅलो? ऐकू येतंय ना?"

"ताई, हळू बोला," तो दबक्या आवाजात म्हणाला. "फोन स्पीकरवर आहे."

"मग?"

"त्या समोर बसल्यात."

सिंधूला आधी ते कळलंच नाही. मग तिला पलीकडचे आवाज ऐकू येऊ लागले. स्टीलचा पेला फरशीवर ठेवल्याचा आवाज. खुर्ची मागं सरकवल्याचा, सावकाश, कुणाला त्रास होऊ नये अशी. मग खडीवरून पावलं. ती पावलं लांब जात गेली आणि वाऱ्यात मिसळली.

हरिओमनं स्पीकर बंद केला असावा, कारण त्याचा आवाज एकदम जवळ आला. त्या परवाच आल्या, तो म्हणाला. आधी जाऊन सगळं लावून ठेवते, सिंधु मागून येतेय, असं सांगितलं. कुणाच्या अध्यातमध्यात नव्हत्या. दिवसभर वेलींच्या रांगांमधून हिंडायच्या.

"आता कुठं गेल्या?"

"तुमच्याकडं निघाल्या असतील. बॅग तशीच आहे." मग तो म्हणाला, "ताई, तुम्ही असं बोलायला नको होतं. फार वाईट वाटलं त्यांना."

६

सिंधु कामावर गेली. दुसरं काय करावं तिला सुचेना. माणसांच्या गर्दीत बरं वाटेल असं वाटलं, पण दर थांब्यावर कुणी बाई चढली की ती आधी तिच्या हातांकडं बघायची.

भंडारदऱ्याहून फोन आला. तुम्ही खोली रद्द केली तरी तुमच्या मैत्रीणबाई येऊन राहून गेल्या, तिथली बाई म्हणाली. सकाळी बराच वेळ पाण्यापाशी बसल्या होत्या, चहाही घेतला नाही. भांडण झालंय का तुमचं?

सिंधूला नकाशा काढायची गरज नव्हती. भंडारदऱ्यानंतर नगर. हाच रस्ता तिनं स्वतः कितीतरी संध्याकाळी बोटानं आखला होता, इकडून तिकडं. आता त्यावरून कुणीतरी तिकडून इकडं येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्वतःच नगरच्या लॉजला फोन केला. हो, मुक्काम करून आज पहाटेच गेल्या, तो म्हणाला.

"तुम्ही एकट्या बाईला खोली देत नाही ना?" सिंधूनं विचारलं.

"एकट्या नाही म्हणाल्या की. आम्ही दोघी आहोत म्हणाल्या. नाव विचारलं तर सिंधु सांगितलं." मग त्यानंच विचारलं, "सिंधु म्हणजे तुम्हीच ना?"

तिनं उत्तर न देता फोन ठेवला. आपण त्या नावाच्या आडोशाला उभ्या होतो, तशी तीही आपल्या नावाच्या आडोशाला उभी होती. त्या माणसाच्या प्रश्नाला नक्की काय उत्तर द्यायचं, ते सिंधूला क्षणभर खरंच सुचलं नाही.

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. घरी पोचेपर्यंत मुरुडहून फोन आला. महामायाबाईचा आवाज खणखणीत होता, मागं भांडी वाजत होती. तुमची मैत्रीण जेवून गेली, ती म्हणाली, दोन ताटं वाढायला लावली, जेवली एकच. लई सालस बाई. लातूरच्या गाडीत बसवून दिलं मी तिला. तिथून अहमदपूरची गाडी कधी सुटती ते तुमालाच जास्त ठावं, असं म्हणून ती हसली.

सिंधूला ठाऊक होतं. ती गाडी कुठं कुठं थांबते, किती वेळ थांबते, सगळं ठाऊक होतं.

७

ती जिना उतरली, गाडी काढली आणि उलट्या दिशेनं, कंधारच्या रस्त्याला लागली. सोबत काही घेतलं नाही. गॅरेजमध्ये मकसूदभाई कुणाच्या तरी इंजिनात डोकं घालून बसले होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

शेतं मागं पडत गेली. आपण भावाकडं जातोय, असं तिनं स्वतःला सांगितलं. अर्ध्या वाटेवर थांबून भावाला फोन केला. तिकडंच आलेय, मुक्कामाला येऊ का, असं विचारलं. भाऊ म्हणाला, "ये की. काय काम काढलंस?"

काही काम नव्हतं. सहज, असं ती म्हणाली, पुन्हा कधीतरी येईन. तो बरं म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काही होतं की तिला तसं वाटलं, कोण जाणे.

ती लिंबोटीच्या भिंतीपाशी जाऊन बसली. ऊन उतरलं. पाणी राखाडी झालं. मागची सीट रिकामी होती, ती दोन-तीनदा वळून बघत राहिली. भरलेली असती तर भीती वाटली असती. रिकामी होती, तरी पाहवेना.

फोन अफसानाचा होता.

"ताई, कुठं हाव? तुमची मैत्रीण येऊन बसली. वर गेली. मी चावी आणाय लागले तर तिच्याकडंच होती की."

सिंधूनं विचारलं, ती दिसायला कशी आहे?

अफसाना हसायला लागली आणि मधेच थांबली. "दिसायला... आता तर बोललो आम्ही जिन्यात." ती जरा वेळ विचार करत राहिली. "हाय चांगली. जिन्यात लाईट न्हवती ना, ताई. सांगता येईना झालंय." मग काहीतरी आठवल्यासारखी म्हणाली, "हाव, तुमाला निरोप हाय. घाई करू नको म्हणल्या. अंधार पडायलाय, गाडी सावकाश चालव म्हणल्या."

गाडी सावकाश चालव. सिंधूनं फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडून अफसानानं तो कधीच बंद केला होता.

कंधार जवळ होतं. भावाचं गाव त्याहून जवळ. नांदेडपर्यंतही जाता आलं असतं, तिथं कुठल्या तरी लॉजला जाऊन उभं राहता आलं असतं. किती जण, असं त्यांनी विचारलं असतं. त्या प्रश्नापुढं तिला काही दिसेना. ती उठली, गाडी वळवली आणि अहमदपूरकडं निघाली. सावकाश.

पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. गॅरेजचं शटर अर्धं खाली होतं. सिंधूनं गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि वर पाहिलं.

तिच्या खिडकीत दिवा होता.

इतक्या वर्षांत या रस्त्यावरून ती असंख्य वेळा घरी आली होती, आणि दर वेळी खोली काळी असायची. इतकी काळी की बटण कुठं आहे हे हाताला पाठ झालं होतं. आज पिवळा उजेड पार खालच्या दगडांपर्यंत आला होता. आत कुणीतरी वावरत होतं. पडद्यावर सावली पडली नाही, पण उजेड मधूनमधून अडत होता, कुणी दिव्यापुढून ये-जा करत असल्यासारखा. लसणाच्या फोडणीचा वास आला. तव्यावर भाकरी उलटल्याचा आवाज आला. मग खिडकीच्या कठड्यावर एक हात टेकला. लहान हात, शेवटचं बोट जरा बाहेर वळलेलं. खाली कोण आलंय ते बघायला कुणी टेकून वाकावं, तसा. चेहरा मात्र उजेडाच्या मागंच राहिला.

हात आत गेला. वर पावलं दाराकडं निघाली.

सिंधु जिन्याच्या तोंडाशी उभी होती. किल्ली तिच्या मुठीत रुतत होती. तिला भीती वाटत होती. आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं, तिला भूक लागली होती.

वर कुणीतरी कडी काढली. सिंधु पहिल्या पायरीवर बसली आणि बुटांची लेस सोडायला लागली.